नाक मुरडणारा

चहात माशी पडली होती. डॉ. हेमांगी टिकेकरांनी ती चमच्याने बाहेर काढली, बशीच्या कडेला ठेवली आणि बोलणं न थांबवता कपाला तोंड लावलं.

श्रीधर आवटीने नजर वळवली, तर ती भलत्याच जागी गेली. प्रयोगशाळेच्या ओट्यावर काचेच्या बाटल्यांची रांग होती. कुठे पिवळा, कुठे करडा, कुठे धागे सुटलेला पू, आणि दोन बाटल्यांच्या मध्ये डॉक्टरांचा उघडा डबा. दहीभात. शेजारी बसलेल्या मृदुलाने ओढणी नाकाशी नेली.

"तुम्हाला दोघांनाही मुलीची किळस येते," डॉक्टर म्हणाल्या. "लाजू नका. सगळ्यांनाच येते. फक्त या केंद्रात ते उघड बोलतात."

सांगलीबाहेरच्या माळावर उभं राहिलेलं हे शुश्रूषा संशोधन केंद्र आजारी माणसांवर नव्हे, त्यांचं करणाऱ्यांवर संशोधन करत असे. आवटी नवराबायको इथे आले ते कनकमुळे. कनू नऊ वर्षांची. आतड्याच्या दाहाने तिचं मोठं आतडं काढावं लागलं होतं. पोटाला पाडलेल्या छिद्रातून मळ एका पिशवीत उतरायचा. छिद्राखाली बोटभर लांबीची जखम टाके उसवून उघडी पडली होती आणि तिचं ड्रेसिंग रोज दोनदा घरीच करावं लागे. मागच्या आठवड्यात पिशवी काठोकाठ भरली तरी कनू गप्प बसून राहिली. शेवटी ती फुटली. चादर, गादी, कनूचे केस, सगळं भरलं. का नाही सांगितलंस, असं श्रीधरने विचारल्यावर ती म्हणाली, "तुझं तोंड तसं होतं ना, म्हणून."

"किळस नाकात नसते," डॉक्टर सांगत होत्या. "नाक नुसती बातमी देतं. मेंदूच्या घडीत इन्सुला नावाचा भाग आहे. तो त्या बातमीवर 'दूर हो' असा शेरा मारतो. आमचा घृणाशमक फवारा तो शेरा पुसून टाकतो. वास येतो, रंग दिसतो. फक्त नकोसं वाटत नाही."

श्रीधर महापालिकेच्या पाणी-परीक्षण प्रयोगशाळेत रसायनज्ञ होता. त्याला हे पटलं, आणि पटलं म्हणूनच खटकलं.

"पण हा शेरा उगाच नसेल ना पडत? जे कुजक्यापासून लांब राहिले ते जगले. तो इशारा आहे."

"गुहेत राहणाऱ्यांसाठी. तुमच्याकडे थर्मामीटर आहे, जंतुनाशक आहे, आठवड्याला नर्स येते. धोका आता आकड्यांत कळतो."

"आणि इन्सुला एवढंच काम करतो?"

"चांगला प्रश्न आहे." डॉक्टरांना मनापासून आनंद झाला. "कुणाचा हलकटपणा पाहून आपण 'शी' म्हणतो, तेव्हाही हाच भाग पेटतो. त्यामुळे तीही 'शी' थोडी कमी होते. घरातली भांडणंसुद्धा कमी झालीत, असं दिसतंय."

चाचणीचे नियम सोपे होते. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी. चिठ्ठीने ठरणार. कुणाला काय मिळालं ते त्याला कळणार नाही आणि आपला अनुभव घरात कुणाशी बोलायचा नाही. दोघांनी सह्या केल्या. सही करताना श्रीधरला कनूचे भरलेले केस दिसत होते.

चौथ्या दिवशी मृदुला बदलली.

ती पिशवी बदलताना गाणं गुणगुणू लागली. आधी ती हातमोजे घालून, मान वळवून, दातांवर दात ठेवून ते काम उरकायची. आता ती पिशवी उजेडात धरून बघायची.

"आज घट्ट आहे हं कनूबाई! शाब्बास!"

"आई, हे काय शाब्बासकी देण्यासारखं आहे?" कनू खिदळायची.

"मग? कालचं नुसतं पिठलं होतं."

श्रीधर त्या दिवशी पिठलं जेवला नाही. मृदुला जेवली. एका हाताने पिशवीची कड दाबून धरत दुसऱ्या हाताने पोहे खातानाही त्याने तिला पाहिलं. बोटं कुठली कुठे जातायत याकडे तिचं लक्ष नव्हतं. कनू मात्र खुलली होती. कित्येक महिन्यांनंतर तिच्याकडे वाकणारा एक चेहरा आक्रसत नव्हता.

श्रीधरचं काहीच बदललं नव्हतं. तो खोलीत शिरला की आंबट, उष्ण, आतून आलेला तो दर्प त्याच्या जिभेवर बसायचा. जखमेतली ओली लाली पाहून त्याच्या जबड्याखाली पाणी सुटायचं. पण हे बोलणार कसं? नियम होता हे एक. दुसरं म्हणजे, कनूसमोर 'मला अजून किळस येते' हे वाक्य तोंडातून निघणंच शक्य नव्हतं. म्हणून औषध लागू पडल्याचं तो सोंग करू लागला. दाराबाहेर श्वास भरून घ्यायचा, आत जायचं, चेहरा सैल सोडायचा, मनात वीसपर्यंत मोजायचं, काहीतरी आणायचं म्हणून बाहेर यायचं, श्वास घ्यायचा, परत जायचं. ड्रेसिंगला अशा सहा-सात फेऱ्या व्हायच्या.

आपल्या विकाराला त्याने शास्त्रीय नावही देऊन टाकलं. पाण्याचा वास तपासताना नमुन्यात वास नसलेलं पाणी मिसळत जायचं आणि वास कुठे मावळतो ते पाहायचं, ही त्याची रोजची रीत. पण सकाळी आधी नाक तपासायचं. निव्वळ शुद्ध पाण्यातही काही जाणवलं, तर तो नाकाचा शून्यदोष. तो दिवसभराच्या नोंदींतून वजा करायचा. घरात मृदुलाला काही वाटत नाही आणि मला वाटतं, म्हणजे ते माझं आहे, पोरीचं नाही. वजा कर.

मग तो बरंच काही वजा करू लागला. नासलेल्या दुधाचा चहा. फ्रीजमध्ये तीन दिवस उघडी पडलेली उसळ. मोरीतला बुळबुळीत स्पंज त्याने एकदा टाकून दिला. तासाभराने तो पुन्हा जागेवर होता.

"हा मी टाकला होता."

"चांगला आहे की!" मृदुलाने तो पिळला आणि जखम धुवायच्या पाण्याचा मग त्यानेच आतून पुसला. "तुला पहिल्यापासून जास्तच सोस आहे, श्री."

जास्तच. रोजची वजाबाकी करताना तोही मनाशी हाच शब्द वापरायचा. त्याने स्पंजही वजा केला.

तेविसाव्या सकाळी श्रीधर नेहमीसारखा श्वास भरून कनूच्या खोलीत गेला. मृदुलाने गॉझ उचलला होता.

"बघ ना, द्राक्षांसारखा वास येतोय," ती कौतुकाने म्हणाली. "तुझ्या तासगावची आठवण येईल तुला."

त्याने श्वास रोखला होता, तरी तो वास आत आलाच. गोड. बेदाण्याच्या शेडमागे टाकलेल्या, फुगून फुटलेल्या, माश्यांनी काळ्या झालेल्या द्राक्षांचा. आणि त्या गोडीच्या तळाशी मांस. वजा कर, त्याने स्वतःला बजावलं. सहा. सात. गॉझवर फिकट हिरवी कड होती. आठ. तो बाहेर पळाला आणि बेसिनवर ओणवा होऊन कोरड्या ओकाऱ्या काढत राहिला.

चेहरा धुऊन, सैल करून तो परत आला. कनू त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिचे ओठ सुकले होते.

"बाबा, आज तू आठालाच पळालास."

"काय?"

"तू रोज वीस मोजतोस. तुझा गळा हलतो ना, मीपण मोजते तुझ्याबरोबर. पहिल्या दिवसापासून." ती दमून थांबली. "कधीच आठ नाही झाले. मला काहीतरी झालंय का?"

"काही नाही झालं गं," मृदुला म्हणाली. "जखम तर ओलसर, छान आहे."

श्रीधरने त्या गॉझकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती खोटं बोलत नव्हती. तिला वास आला होता, हिरवं दिसलं होतं. तिने दोन्ही सांगितलंही होतं. त्यावर शेरा तेवढा नव्हता. आणि शेरा ज्याच्याकडे होता, तो मात्र गेले तेवीस दिवस तो शेराच खोडत बसला होता.

त्याने कनूच्या कपाळाला हात लावला. थर्मामीटर मोरीजवळच्या फडताळात, एका चिकट कपाखाली सापडला. एकशे तीन.

रुग्णालयातल्या शल्यचिकित्सकांनी जखम पाहण्याआधी हुंगली. "गोड वास आणि हिरवा पू. हा जंतू ओलसर जागी वाढतो. स्पंज, मग, बादली. रक्तात शिरायला लागला होता. तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असतो."

कनूला अतिदक्षता कक्षात नऊ दिवस ठेवलं. दहाव्या दिवशी ती उठून बसली. श्रीधर आत आला तेव्हा मोजत नव्हता. वास आला आणि त्याचं नाक आपोआप आक्रसलं. त्याने घाईने मास्क वर ओढला.

"काढ तो," कनू म्हणाली. "लपवू नकोस. आज थोडंसंच मुरडलंस. म्हणजे मी बरी आहे."

अकराव्या दिवशी केंद्रातून बोलावणं आलं. घटना नोंदवायची होती. माळावरच्या त्याच खोलीत, त्याच बाटल्यांसमोर ते दोघं बसले. द्राक्षांचा हंगाम संपत आला होता. खिडकीच्या जाळीवर आत-बाहेर माश्या होत्या.

"तुमच्या चिठ्ठ्यांचे संकेत उघडलेत," डॉ. टिकेकर म्हणाल्या. "मृदुलाताईंना औषध होतं. तुम्हाला मिठाचं पाणी. नियमानुसार आता तुम्हालाही खरं औषध मिळेल." त्यांनी एक बाटली त्याच्याकडे सरकवली.

श्रीधरने तिला हात लावला नाही. "बाकीच्या घरांचं काय झालं?"

"उत्तम चाललंय. पालकांचा समाधान निर्देशांक ब्याण्णव. मुलांचं हसणं दुपटीहून जास्त." त्यांनी कागद उलटला आणि भाजीची यादी वाचावी तसं वाचलं. "जंतुसंसर्ग. किमान एकाला मिठाचं पाणी मिळालेली घरं, पाच. दोघांनाही औषध मिळालेली घरं, एकोणचाळीस. मृत्यू, अनुक्रमे शून्य आणि सहा."

"सहा मुलं," श्रीधर म्हणाला.

"हो."

"हे कधीपासून माहीत आहे?"

"देखरेख समितीकडे आकडे दर महिन्याला जातात. चाचणी थांबवायचा अधिकार त्यांचा."

"मग त्यांनी थांबवली का नाही?"

"त्यांनी नोंद घेतली. आक्षेपार्ह काही आढळलं नाही." आठवणीने सांगण्याजोगी एक गोष्ट राहिली होती. "त्यांचं काम सोपं नसतं. शेकडो जखमांचे फोटो बघायचे. दोघं तर राजीनामा द्यायला निघाले होते. मग पाचही सदस्यांना फवारा सुरू केला."

"आणि तुम्ही?"

"मी तीन वर्षं घेते. पहिली नोंद माझीच आहे."

श्रीधरला तो चमचा आठवला, ती बशीची कड, बाटल्यांमधला दहीभात. ते सगळं वैज्ञानिकाचा कणखरपणा समजून त्याने सही केली होती.

"डॉक्टर, सहा मुलं मेली. हा आकडा वाचताना तुम्हाला काही होत नाही?"

"आकडा वाईट आहे हे मला कळतं. अहवालात तसं लिहिलंय." त्या पुढे झुकल्या. त्यांच्या आवाजात कुठेही बचाव नव्हता, फक्त संशोधकाचं कुतूहल होतं. "काय व्हायला हवं?"

श्रीधरच्या तोंडात तेच पाणी सुटलं. कनूच्या खोलीतल्यासारखंच, जबड्याखालून. बाटल्यांतल्या पुवामुळे नव्हे. त्या नीटनेटक्या, इस्त्रीच्या, सज्जन कागदामुळे.

"हा कागद मी घेऊन जातो," तो म्हणाला. "दाखवायचा आहे लोकांना."

"न्या की," डॉक्टर म्हणाल्या. लपवण्यासारखं त्यात त्यांना काही दिसतच नव्हतं.

त्याने कागदाची घडी खिशात घातली आणि बायकोकडे वळला. "मृदुला, ऐकलंस ना?"

"ऐकलं. सहा." तिने मान हलवली. पिशवी घट्ट आहे हे ती ज्या स्वरात सांगे, तोच स्वर. "वाईट झालं. पण श्री, फवाऱ्याने कनू हसायला लागली होती, हेही खरं आहे ना?"

ती त्याची बायको होती. सात महिने तिने त्या पोरीसाठी रात्रीचा दिवस केला होता. आणि ती शांतपणे, प्रामाणिकपणे, हिशेब बरोबर असल्यासारखी बोलत होती. तिला समजावण्यासाठी त्याच्याकडे एकही मुद्दा नव्हता. मुद्दे तिला सगळे माहीत होते.

शिपायाने चहा आणून ठेवला. जाळीवरची एक माशी उडाली, घिरट्या घालून मृदुलाच्या कपात पडली. पाय झाडत राहिली. मृदुलाने बोटाने ती बाहेर काढली, बोट ओढणीला पुसलं आणि कप उचलला.

श्रीधरने या वेळी चेहरा सैल सोडला नाही. तेवीस दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्यावर आलं. नाक आक्रसलं, वरचा ओठ उचलला गेला, मान मागे गेली.

कप ओठांपाशी थांबला. मृदुलाने त्यात पाहिलं. चहा होता, गरम, आल्याचा. त्यात तिला अडवेल असं काहीच नव्हतं. मग तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ, कनू बघायची तसं.

तिने कप खाली ठेवला. पर्स उघडून फवाऱ्याची बाटली काढली आणि कपाशेजारी ठेवली.

"मला काही वाटत नाहीये, श्री," ती म्हणाली. "तू बघून सांग. अजून काय काय खाली ठेवू?"