हिरव्या जाळाची दृष्ट

"अगं रम्या, कोहळा नीट धर! पायावर पडला तर यंत्रांच्या आधी तुझीच पूजा करावी लागेल!" शार्दूल ओरडला.

"आणि तू काय, नुसता हार घेऊन मिरवणार?" रम्याने तिथल्या तिथे सुनावलं.

दसऱ्याच्या सुट्टीत बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या खंडोजीकाकांच्या कारखान्यात आयुधपूजेला जायचं, हा राजाजीनगरच्या रम्याच्या घरातला जुना शिरस्ता. यंदा, १९९५ साली, पुण्याहून नुकताच राहायला आलेला मावसभाऊ शार्दूलही बरोबर होता. रम्याचा धाकटा भाऊ देवव्रत तर सकाळपासून जेवणावरच डोळा ठेवून होता. नववीतली रम्या या टोळीची पुढारी, हे कुणी न ठरवताच ठरलेलं होतं.

यंत्रांना झेंडूचे हार चढले. कोहळा फुटला. मग कस्तुराआत्या पदर खोचून पुढे झाली. कारखान्यात नवी भट्टी आली होती, तिची दृष्ट काढायला नको? आचारी परसूने एका डब्यातलं मूठभर मीठ तिला आणून दिलं. आत्याने मीठ-मोहरी भट्टीवरून ओवाळली आणि अंगणातल्या पेटत्या शेगडीत टाकली.

मोहरी तडतडली आणि जाळ चक्क हिरवा झाला!

"अगंबाई! केवढी ही दृष्ट!" आत्याने कानशिलावर बोटं मोडली.

रम्या मात्र जाळाकडे टक लावून बघत राहिली. ती शार्दूलच्या कानाशी लागली. "मिठाचा जाळ पिवळा असतो. आमच्या बाईंनी प्रयोगशाळेत दाखवलाय. मिठातल्या सोडियममुळे."

"एवढंच ना? मग हे सोडियम जरा जड असेल! आयसोटोप! केंद्रकात न्यूट्रॉन जास्त, बस्स!"

"अरे शहाण्या, न्यूट्रॉन वाढले तर अणूचं वजन वाढेल. प्रोटॉन अकराच राहणार, म्हणून इलेक्ट्रॉनही अकराच. आतल्या कक्षेत दोन, मग आठ, आणि सगळ्यात बाहेर एकटा एक. तापला की हा एकटा वरच्या कक्षेत उडी मारतो आणि परत येताना पिवळा प्रकाश टाकतो. सोडियम हलकं असो की जड, जाळ पिवळाच!"

"मग हिरवा कुणाचा?"

"बाईंनी बेरियमचा दाखवला होता. म्हणाल्या, हे पोटात गेलं तर जिवावर बेततं."

दोघांनी एकदमच शेडकडे पाहिलं. पंगत बसली होती. केळीच्या पानांवर रिवाजाप्रमाणे पहिलं मीठ वाढूनही झालं होतं! देवव्रतने तर त्यात बोट बुडवलं होतं. रम्या जिवाच्या आकांताने धावली आणि तिने त्याचा हात ओठांपाशीच पकडला. त्याने भोकाड पसरलं.

"काका, कुणी जेवू नका! हे मीठ नाहीये!"

"सुम्मने, गप्प बस ग पोरी," खंडोजीकाका हसले. "माणसं सकाळपासून खपताहेत. जेवू दे की त्यांना!"

परसूने हुळीचं पातेलं उचललं. त्या आमटीतही तेच मीठ असणार! रम्याला रडू फुटायच्याच बेतात होतं. तिचं इथे कुणी ऐकणार नव्हतं. पण आत्याचं?

"आत्या!" ती ओरडली. "दृष्ट उतरलीच नाही! जाळ पिवळा झाल्याशिवाय कुणी घास घ्यायचा का?"

आत्या ताडकन उठली. "मुळीच नाही! ए परसू, पातेलं खाली ठेव! कुणी पानाला हात लावायचा नाही!"

कस्तुराआत्यापुढे काकांचीही काय बिशाद! तोवर शार्दूल फाटकाबाहेरच्या टपरीवरून मीठ घेऊन धापा टाकत आला. स्वयंपाकाच्या गॅसच्या दोन शेगड्या निळ्या जळत होत्या. रम्याने एकीवर टपरीचं मीठ भुरभुरवलं. पिवळाधमक जाळ! दुसरीवर डब्यातलं टाकलं. हिरवा!

"बेरियम आहे हे, काका!"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. हत्यारं कडक करायच्या भट्टीत जे मीठ वितळवतात, ते बेरियमचंच. "मल्लाप्पा! भट्टीचं मीठ कुठाय?"

भांडार सांभाळणारे मल्लाप्पा पुढे आले. "पूजेची साफसफाई काढली होती, अण्णा. पोतं फाटलेलं, देवासमोर शोभेना. म्हणून नव्या डब्यात ओतलं. डबा इथेच स्वयंपाकाच्या सामानात राहिला, आणि नाव लिहायचं..." त्यांची स्वतःची दोन पोरं पंगतीत बसली होती. त्यांना पोटाशी धरून ते ढसाढसा रडले. रम्याला त्यांचा राग आलाच नाही, फार वाईट वाटलं.

काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चूक माझीही आहे, मल्लाप्पा. विष मी कुलपात ठेवायला हवं होतं. आजपासून किल्ली माझ्याकडे."

सगळा स्वयंपाक बाजूला काढून झाकला गेला. सगळ्यांनी चोळचोळून हात धुतले आणि पूजेचे चुरमुरे नि केळी खाल्ली.

"मला हुळी हवी होती!" देवव्रत अजून मुसमुसत होता.

"आणि मला तू हवा होतास!" रम्याने त्याला घट्ट मिठी मारली.

"आज ही सगळी माणसं या पोरांमुळे धडधाकट घरी जाणार आहेत," काका सगळ्यांना म्हणाले. "पोरीने सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. पुन्हा हसणार नाही."

आत्या मात्र टपरीचं मीठ मुठीत घेऊन रम्यासमोर उभी होती.

"आत्या, आता कशाला?"

"सुम्मने बस! एवढी हुशार पोर, कुणाची तरी लागायची!"

आत्याने ओवाळून मीठ गॅसवर टाकलं. सगळी पंगत माना उंच करून बघत होती.

"पिवळा!" सगळ्यांच्या आधी मल्लाप्पा ओरडले.