मालक कोण?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या पोरांनो. मधे कोणी दात काढले तर मी उठून जाईन. ही गोष्ट आमच्या आरमोरीच्या संघपालची. कंप्युटर दुरुस्त करतो तो, आणि थापा मारायला त्याला जमतच नाही.

नऊ जानेवारी दोन हजार पंचवीस, गुरुवार. एटापल्लीच्या पलीकडे जंगलातल्या एका दवाखान्याचं नेट बंद पडलं, म्हणून तो मोटरसायकलनं गेला. पोचेपर्यंत अंधार पडला. आत कांता सिस्टर आणि खाटेवर नऊ वर्षांची नंदिनी. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा झटका, छाती भात्यासारखी हलतेय. अँब्युलन्स आणायला गावातला माणूस गेलेला, तिला यायला तीन तास. तोवर डॉक्टरांनी स्क्रीनवर बघून औषध सांगायचं, तर नेट नाही. मोबाइलचा टॉवर तिथं कधीच नव्हता.

"लवकर करा भाऊ. पोरीचे ओठ निळे पडून राह्यले," सिस्टर म्हणाल्या.

संघपालला दुखणं लगेच सापडलं. बोर्डावरचा बटणाएवढा सेल मेला होता. त्यामुळे मशीनला उठवणारं फर्मवेअर सगळ्या सेटिंगा विसरलं आणि सिक्युअर बूट नावाचा पहारा आपोआप चालू झाला. आता सही नसलेल्या मॉड्यूलला, म्हणजे जोड-प्रोग्रामला, मशीनचा मुख्य प्रोग्राम कर्नल दारातूनच हाकलत होता, आणि वायफायच्या मॉड्यूलवर सही नव्हती. त्यानं नवी चावी, म्हणजे सहीचा डिजिटल शिक्का, बनवली, तिनं मॉड्यूलवर सही केली, चावीसाठी पासवर्ड ठरवला आणि मशीन पुन्हा चालू केलं. निळा पडदा आला. इथं मशीनच्या मालकानं स्वतः बसून पासवर्ड द्यायचा, मगच चावी मान्य.

त्यानं दिला. चूक. पुन्हा दिला. चूक. स्वतःच ठरवलेला पासवर्ड! नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

संघपाल खवळला. मोठ्यानं बोलून गेला, "मालक कोन हाय बे याचा?"

सिस्टरनी झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "रात्री मालकाले हाक मारत नाई, भाऊ... जंगलात कोनीबी ओ देते."

नंदिनीचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मग कीबोर्डचं एक बटण खाली गेलं... वर आलं. पडद्यावर एक तारा. संघपालचे दोन्ही हात मांडीवर होते. दुसरा तारा... तिसरा... सावकाश. सात तारे.

मान्य.

नेट आलं. स्क्रीनवर डॉक्टर आले. ऑक्सिजन, सलाइन, सगळं सांगितलं. मग थांबले. कपाळाला आठ्या.

"ते खाटेपाशी उभे आहेत ना... त्यांना पोरीच्या गळ्यावरचा हात काढायला सांगा."

खाटेपाशी कोणी नव्हतं.

सिस्टर ओरडत धावल्या, पोरीला छातीशी ओढलं. नंदिनीला खोकला आला... आणि श्वास मोकळा झाला.

पोर वाचली. सकाळी निघताना संघपालनं मान्य झालेल्या चाव्यांची यादी पाहिली. एक त्याची. दुसरी त्यानं बनवलेली नव्हती. तिच्यावर नाव होतं नंदिनीचं. खाली मुदत, रात्री नऊ चाळीसपासून सुरू. मुदत कधी संपते तेही लिहिलं होतं. त्यानं पुसायला घेतली. पासवर्ड चूक.

ती तारीख त्यानं मला सांगितलेली नाही. दर महिन्याला मात्र तो तिकडं जातो. पोरीची आई विचारते, "भाऊ, काऊन येता इतक्या दुरून?"

तो आधी पोरीकडं बघतो, मग दवाखान्यात जाऊन यादी उघडतो. ती चावी तिथंच असते, आणि मुदत एका महिन्यानं कमी झालेली.