परत न केलेला पेला

रविवारच्या बाजारात पावसाची जोरदार सर आली आणि एक अनोळखी तरुण आडोशासाठी धावत येऊन थेट आमच्या आल्याच्या पाटीत पडला.

"माफ करा... माफ करा," तो वाकून वाकून म्हणत होता.

"माफी नंतर मागा. आधी पाय काढा, आलं चेंगरतंय," मी म्हणाले.

हा सोइचिरो. जपानच्या पार दुसऱ्या किनाऱ्यावरच्या मात्सुएहून आमच्या कोचीच्या किल्ल्याची कौलं दुरुस्त करायला आलेला. त्याच्या गावात म्हणे लोक चहाचे घोट घेत हळू बोलतात. आमचं कोची तसलं नाही. किल्ल्याच्या दारापासून हा बाजार तीनशे वर्षं भरतोय आणि तेवढीच वर्षं इथल्या बायका मनातलं तोंडावर बोलून मोकळ्या होतायत.

मग तो दर रविवारी आलं घ्यायला यायला लागला.

"इतक्या आल्याचं करता तरी काय?"

"काही नाही... साठवतो," तो म्हणायचा आणि उगाच पाटीकडे बघत राहायचा.

मला तो आवडला होता. अख्ख्या बाजाराला ते कळलं होतं, फक्त त्याला सांगायला माझी जीभ रेटत नव्हती.

काम संपलं. उद्या तो निघणार म्हणून बाबांनी बाजारातल्या चार जणांना बोलावून घरी जेवण ठेवलं. पेंढ्याच्या जाळावर शेकलेला कात्सुओ मासा आला, तांदळाची दारू आली. मी माझा पेला रिकामा केला, त्याच्या हातात दिला आणि भरला. आमच्याकडे तो पिऊन लगेच परत द्यायचा, भरून. तोवर देणारा कोरडाच.

सोइचिरो प्यायला. पेला रुमालात गुंडाळला आणि खुशाल खिशात घातला.

सगळे हसून लोळले. "गेला गं मिनोरी, तुझा पेला," बाबा म्हणाले.

"अहो, ती भेट नाही. परत द्यायचा असतो."

"माहीत आहे," तो हळूच म्हणाला. "तुमच्या बाबांनी मागेच शिकवलंय."

"मग?"

"दिला की संपलं... ठेवला, तर द्यायला पुन्हा यावं लागेल ना?"

मला स्वतःचाच राग आला. कोचीची पोर मी, इतके रविवार मूग गिळून बसले होते, आणि हा मुखदुर्बळ माणूस सगळ्यांदेखत बोलून गेला होता.

"पुन्हा कशाला यायचं?" मी म्हणाले. "जाऊच नका. मला तुम्ही आवडता."

त्याने खिशातल्या पेल्यावर हात ठेवला.

"एकदा तर जाऊ द्या," तो म्हणाला. "आईला सांगायला हवं — तिचा मुलगा कोचीचा झाला म्हणून."