मळ्याचा घोट

लीनाने मनीप्लांटची फांदी ज्या बाटलीत लावली होती, ती बाटली इटलीची होती. गडद हिरवी काच, रुंद खांदे, खोलगट बूड. कुवेतच्या फहाहील भागातल्या कंपनीच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या खिडकीत ती ठेवलेली असे.

प्रताप गायधनी ऑक्टोबरात पंपांच्या प्रशिक्षणासाठी फ्लॉरेन्सजवळ गेला होता. शेवटच्या दिवशी यजमानांनी सगळ्यांना एका द्राक्षमळ्यावर नेलं. पाचशे वर्षं एकाच घराण्याकडे असलेला मळा, दगडी तळघर, ओकची पिंपं आणि तिथली लाल किआंती वाइन. प्रताप नाशिकजवळ द्राक्षबागेतच वाढलेला. मनगटाएवढे जाड वेल आणि ती तांबूस, चिकट माती त्याने हात लावून पाहिली.

जेवण संपलं तेव्हा मळ्याचा राखणदार, म्हातारा आल्दो, बाटली घेऊन त्याच्यापाशी आला. बाटलीत एक घोट उरला होता. तो वेलाच्या मुळाशी ओतायचा, दुभाष्याने सांगितलं. शेवटचा घोट मळ्याचा, आणि तो पाहुण्यांतल्या शेतकऱ्याच्या पोराने द्यायचा.

"एवढी चांगली चीज मातीत कशाला?" प्रताप हसून म्हणाला आणि पिऊन टाकली.

आल्दो हसला नाही. बाटली मात्र त्याने प्रतापलाच दिली.

कुवेतमध्ये दारूला बंदी, म्हणून विमानतळावर कस्टमवाल्याने ती हुंगली. धुतलेली, रिकामी. त्याने ती परत दिली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बाटलीतलं पाणी गुलाबी झालं.

"अहो, टाकीला गंज आलाय वाटतं," लीना म्हणाली.

प्रतापने पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गुलाबी, तिसऱ्या दिवशी लाल. त्याने त्याच नळाचं पाणी मुरांब्याच्या बरणीत भरून त्यात दुसरी फांदी लावली. बरणीतलं पाणी आठवडाभर नितळ राहिलं. बाटलीवर त्याने मार्करने पातळीची रेघ मारली. पातळी रोज बोटभर चढत होती.

मग वास आला. पिकलेली चेरी, ओलं चामडं, जुनं लाकूड. प्रतापने बोट बुडवून जिभेला लावलं आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

"काय हो?"

"तीच आहे."

लीनाचा चेहरा उतरला. "गुरुवारी कंपनीचा रेहान येतोय फ्लॅट तपासायला. त्याच्या नाकाला कळलं तर जेल, आणि मग विमानात बसवून देतील. आर्याची बारावी आहे. महिन्यावर बोर्ड आलंय!"

"मला माहितेय."

"माहीत होतं तर ती बाटली आणलीत कशाला? बायकोला अत्तर आणतात लोक!"

त्याने सगळं बेसिनमध्ये ओतलं. सकाळी बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. कचऱ्यात टाकायची तर इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, काच वेगळी काढून विकत असे, आणि बाटली कुठल्या मजल्यावरून आली ते त्याला बरोबर कळे. शिवाय आणखी एक गोष्ट प्रतापने लीनाला सांगितली नव्हती. फांदीची मुळं खाली जात नव्हती. पांढरी, दोऱ्यासारखी मुळं काचेच्या एका बाजूला दाटली होती, तो जेवायला बसायचा त्या बाजूला. त्याने बाटली फिरवून ठेवली. सकाळी मुळंही फिरलेली होती.

बुधवारी पहाटे त्याला आल्दोचा चेहरा आठवला.

तो बाटली घेऊन बाल्कनीत गेला. तिथे निळं पिंप अर्धं कापून केलेल्या रुंद कुंडीत लीनाचा कढीपत्ता होता. प्रतापने बाटली त्याच्या मुळाशी उपडी केली. माती आवाज न करता सगळं प्यायली.

बाटलीत त्याने नवं पाणी भरलं. ते नितळ राहिलं.

गुरुवारी रेहान आला. नळ, वायरिंग, गॅस पाहिला. खिडकीशी थांबून बाटली उचलली, उजेडात धरली.

"भाभीजी, बॉटल खूबसूरत है," तो म्हणाला आणि कागदावर सही करून गेला.

लीनाने त्या संध्याकाळी शिरा केला. आर्या पुस्तकांत बुडाली. प्रतापला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागू लागली. इतकी, की गजर ऐकू येईना. सकाळी तहान मात्र फार लागे.

दहाएक दिवसांनी नाश्त्याला आर्या म्हणाली, "बाबा, हे कुठलं नवीन योगा आहे?"

"कुठलं?"

"रोज पहाटे. मी रिव्हिजनला उठते ना, तेव्हा. आज तर वन अवर उभे होतात. मी हाक मारली, तर बघितलंपण नाही."

"कुठे उभा होतो?"

"कुंडीत," आर्या म्हणाली आणि टोस्टला लोणी लावू लागली.

लीनाचा हात चहाच्या गाळणीवर थांबला.

प्रताप उठून बाल्कनीत गेला. बाहेर कोरडी, पांढुरकी सकाळ होती. कढीपत्ता एका बाजूला कलला होता. बाजूच्या मोकळ्या मातीत दोन पावलं उमटली होती, घोट्याएवढी खोल.

कुंडीतली माती बाजारातून आणलेली, काळी, पिशवीतली होती.

त्याने सपाता काढल्या. बोटांच्या बेचक्यांत चिकटलेली माती तांबूस होती. ती झटकायला तो वाकला, तेव्हा उजव्या अंगठ्याच्या नखाखाली त्याला एक पांढरा दोरा दिसला.

त्याने तो चिमटीत धरून हलकेच ओढला.

ओढ थेट गुडघ्यापर्यंत लागली.