निळा रुमाल, पांढरं फडकं

"माणक्या, थांब! आधी पंखा, मग फवारा! शंभरदा सांगितलं तुला!" जयंती ओरडली.

"शंभरदा नाही, तीनदा!" माणिक म्हणाला. पण हातातला डास मारायच्या फ्लिटचा पंप त्याने निमूट खाली केला. मोठ्या बहिणीशी वाद घालून काही मिळत नाही, हे अकरा वर्षांत तो एवढं तरी शिकला होता.

मे महिन्याची सुट्टी होती. मुलुंडच्या आनंदकुंज सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत टीव्हीचं रिकामं खोकं आडवं ठेवलेलं होतं. खोक्याच्या पाठीला मोठं भोक होतं. त्यामागे टेबलफॅन, आणि त्याचं तोंड गॅलरीबाहेर. पंख्याच्या अलीकडे बाबांच्या जुन्या धोतराचं फडकं ताणून बसवलेलं. आत माणिकची हातभर लाकडी बोट रंगाची वाट बघत होती. हा झाला त्यांचा स्प्रे बूथ! युक्ती काशीरामकाकांची. "रंगाची धूळ नाकात नाय, फडक्यात जावक व्हयी," असं त्यांनी शिकवलं होतं.

काशीरामकाका म्हणजे जयंतीची मैत्रीण सुलक्षणा हिचे बाबा. पूर्वी गिरणीत होते. गिरणी संपात गेली, तेव्हापासून ते सोसायटीच्या तळमजल्यावर श्यामसुंदरअण्णांच्या कारखान्यात रंगारी होते. अण्णा कंपन्यांच्या ऑफिसांत ठेवायला छोटी छोटी जहाजं आणि विमानं बनवत. अगदी हुबेहूब! ती सगळी काकांच्या हातून रंगत.

पंखा घरघरला. माणिकने पंप दाबला. फुस्स! फुस्स! दहा मिनिटांत बोट निळी झाली.

"झकास!" माणिक नाचायला लागला. "फडकं बघ, ते पण निळं!"

शेजारी उभी असलेली सुलक्षणा मात्र फडक्याकडे टक लावून बघत राहिली.

"काय गं? गप्प का?" जयंतीने विचारलं.

"बाबांच्या रुमालावर असाच रंग असतो," ती म्हणाली. "काल लाल होता, आज निळा. नाकाला बांधतात ना, तो. मीच धुते, मला माहीत आहे."

"पण अण्णांकडे तर केवढा मोठा बूथ आहे! काचेचा, आत दिवा असलेला," माणिक म्हणाला. "दसऱ्याला त्याला हार पण घातला होता."

जयंती एकदम ताठ झाली. "ए, परवा बॉल आणायला मी आत गेले होते. त्या बूथचं फडकं पांढरंशुभ्र होतं! आपलं दहा मिनिटांत निळं झालं. त्यांचं वर्षभरात काहीच नाही?"

मग सुलक्षणाच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं. खोकल्याची उबळ आली की बाबांचा हात हलतो. दोन जहाजं बिघडली. सोमवारपासून अण्णा दुसरा रंगारी आणणार.

"आणि अण्णा काय म्हणाले माहितीये? बिड्या फुंकतो म्हणून खोकतो! माझे बाबा बिडीला हातसुद्धा लावत नाहीत!"

"आज शनिवार आहे," जयंती म्हणाली. "चला!"

कारखान्यात अण्णा हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसले होते. कोपऱ्यात, दार लावून घेतलेल्या खोलीतून काकांचा खोकला ऐकू येत होता.

"अण्णा, आमचा बूथ खोक्याचा आहे हो," जयंती गोड आवाजात म्हणाली. "तुमच्यासारखा नाही. एकदा चालू करून दाखवा ना!"

अण्णा फुगले. "बघा, बघा! असा बूथ अख्ख्या मुलुंडात नाही! एवढा आणून दिला तरी आमचे काशीराम वापरत नाहीत. सवयच नाही माणसाला चांगल्या वस्तूची!"

अण्णांनी बटण दाबलं. पंखा असा गरजला की वाटावं, आता विमानच उडणार! जयंतीने भिंतीवरच्या गणपतीसमोरची पेटती उदबत्ती उचलली आणि बूथच्या तोंडाशी धरली.

धूर आत गेलाच नाही! गर्रकन वळला आणि थेट तिच्या डोळ्यांत शिरला.

"ए, काय चाललंय?" अण्णांनी खटकन बटण बंद केलं. "झालं ना बघून? पळा आता!"

बाहेर येताच माणिक म्हणाला, "पंखा चालतो आणि हवा जात नाही. म्हणजे पाइप तुंबलाय!"

"तुला डोकं आहे रे!" जयंती म्हणाली. एरवी ती असं कधी म्हणत नसे.

बूथचा पत्र्याचा पाइप मागच्या भिंतीवरून थेट गच्चीवर जात होता. तिघं धापा टाकत वर पोहोचली. गच्चीभर जुनी लुगडी अंथरलेली आणि त्यांवर सोसायटीतल्या सगळ्यांचे पापड! उडदाचे, पोह्याचे, नाचणीचे. कठड्यापाशी पाइपचं तोंड होतं. त्यात गोणपाट कोंबलेलं होतं आणि त्यावर एक कापड तारेने आवळून बांधलेलं.

माणिकने तार सोडवली. कापड सुटून खाली पडलं. पिवळ्या बटणांचा एक छोटा फ्रॉक. खिशावर शाईचा डाग.

"हा तुझा आहे," सुलक्षणा हळूच म्हणाली. "तिसरीतला. तू माझ्या शेजारी बसायचीस."

जयंतीचा चेहरा उतरला. आपल्याच घरचं कापड! हे आईचं काम होतं. सोसायटी जिला घाबरते अशी तिची आई, आणि बाबा तर सोसायटीचे सेक्रेटरी!

"ताई, परत बांधून टाकू या का?" माणिक कुजबुजला. "आई मारेल गं."

जयंतीने सुलक्षणाकडे पाहिलं. तिने तार उचलून पुढे केली होती. रागावलीही नव्हती. बहुतेक आपण परत बांधू, असंच तिने धरलं होतं, आणि त्याचीच जयंतीला भयंकर लाज वाटली.

ती कठड्यावर वाकली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "आई! पापड निळे झाले! सगळे निळे झाले!"

बापरे! दारं काय उघडली, जिने काय दणाणले! दोन मिनिटांत सात बायका गच्चीवर हजर. रत्नप्रभाबाई, म्हणजे जयंतीची आई, लाटणं हातात घेऊनच आली होती. मागोमाग बाबा, आणि सगळ्यांत शेवटी अण्णा.

"कुठे निळे झाले?" आई पापडांवर वाकली. "कार्टे, चांगले तर आहेत!"

"हो. चांगलेच आहेत," जयंती म्हणाली. "काशीरामकाका वर्षभर खोकतायत. त्यांच्यासाठी एकजण तरी धावत आलं का?" आणि तिने फ्रॉक वर धरला.

आईने लाटणं पदराआड लपवलं.

"गेल्या वर्षी पापडांना रंगाचा वास लागला होता," आई शेवटी पुटपुटली. "चार किलो वाया गेले. अण्णाच म्हणाले, बुजवून टाका वहिनी, माझं काही अडत नाही."

"मग काय करणार होतो?" अण्णा चिडले. "तुमचे सेक्रेटरी कारखाना बंद करायला निघाले होते!"

बाबांनी नजर दुसरीकडे वळवली.

एवढ्यात जिन्यावर खोकला ऐकू आला. एक मजला चढून थांबला. पुन्हा चढला, पुन्हा थांबला. सगळे ऐकत उभे राहिले. ऐकण्यावाचून गत्यंतरच नव्हतं! काशीरामकाका दारात आले. गळ्यात निळा रुमाल होता.

"काशीराम, बूथमधून हवा परत येते हे मला सांगायचं नाही का?" अण्णा म्हणाले.

"सांगलेलंय मी," काका दम घेत म्हणाले. "गेल्या पावसातच सांगलेलंय. वारो परत तोंडार येता म्हणून. तुमी म्हणालात, दार लावून कोपऱ्यात कर."

शेजारच्या सोनूबाईंनी उगाचच एक पापड उलटा केला.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला आणि पाइप आठ फूट उंच करून गेला. रंगाचा वास पापडांच्या डोक्यावरून निघून गेला. अर्ध्या दिवसाचं काम! वर्षभर एकाही मोठ्या माणसाला सुचलं नव्हतं. संध्याकाळी अण्णांनी पेढे वाटले. "काय डोकेबाज पोरं!" ते म्हणाले. "सोसायटीची शान!" बाबांनी जयंतीच्या पाठीवर थाप मारली. टाळ्यासुद्धा झाल्या! माणिकने दोन पेढे खाल्ले. जयंतीने हातातला तसाच ठेवला, कारण सुलक्षणा आलीच नव्हती.

ती बाबांबरोबर डॉक्टरांकडे गेली होती. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि सांगितलं, आत बसलेला रंग आता निघायचा नाही, या कामाला पुन्हा हात लावायचा नाही. म्हणजे अण्णांचा दुसरा रंगारी सोमवारी आला तो आलाच. दुपारपर्यंत बूथचं फडकं छान पिवळं झालं. नव्या रंगाऱ्याचं नाक मात्र स्वच्छ होतं.

गुरुवारी काशीरामकाका कुडाळकडे गावी निघाले. फाटकाशी रिक्षा उभी होती. ट्रंक, वळकटी आणि कोपऱ्यात सुलक्षणा.

"शाळा?" जयंतीने विचारलं.

"गावात आहे सातवीपर्यंत." ती थोडं थांबली. "तुमच्या खोक्याचं फडकं बदलत जा हां. भरलं की हवा जात नाही."

तेवढ्यात आई लगबगीने खाली आली. हातात पत्र्याचा डबा होता. "पापड आहेत गं, उडदाचे. ह्या वर्षीचे. अजिबात वास नाही!"

सुलक्षणाने डबा हातात घेतला. मग तो शांतपणे जयंतीच्या हातात परत दिला.

"नको, काकू," ती म्हणाली. "बाबांना पापड चालत नाहीत. खोकला येतो."

रिक्षा सुरू झाली. जयंती डबा घेऊन फाटकात उभी राहिली, आणि आई तिच्या मागे.