टीव्ही कुणी अडवला?

“तूच बिघडवलास टीव्ही! चालता हो इथून!”

सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांचा आवाज एवढा चढला, की हॉलमध्ये खुर्च्या मांडणारे सगळे जागीच थांबले. बटाट्याच्या हातात टीव्ही पुसायचं फडकं तसंच राहिलं. सुट्टीभर खपून सोसायटीतल्या मुलांच्या टोळीने बनवलेला सिनेमा आज संध्याकाळी इथेच दाखवायचा होता. त्यात बटाट्या दरोडेखोर होता! दवाखान्यात नर्स असलेली त्याची आई खास रजा काढून येणार होती. आणि आता काकांच्या लॅपटॉपवरचा सिनेमा टीव्हीवर येईना, म्हणून खापर कुणाच्या डोक्यावर? तर फडकं धरणाऱ्याच्या!

“मी फक्त धूळ पुसली हो...”

“वर तोंड करून बोलतोस? कार्यक्रम रद्द! आणि सुट्टी संपेपर्यंत तू हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही!”

बटाट्या मान खाली घालून बाहेर गेला. टोळीची म्होरकी तुरतुरी त्याच्यामागे धावली. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

“पुसून कधी टीव्ही बिघडतो का? वयाने मोठे म्हणून काय वाट्टेल ते बोलायचं?”

“आईला काय सांगू?” पायरीवर बसून बटाट्या मुसमुसत होता. “मी टीव्ही मोडला म्हणून?”

“मोडलाय हे ठरवलं कुणी?” मागोमाग आलेला टोळीतला चष्मिस म्हणाला. “आधी बघू तरी!”

त्याने आपल्या ताईला फोनसकट ओढत हॉलमध्ये आणलं. ताईने हॉलच्या वाय-फायवरून फोन टीव्हीला जोडला आणि पुढच्याच क्षणी पडदाभर तिची मांजर जांभई देताना दिसली!

“बघा! टीव्ही ठणठणीत आहे!” तुरतुरी ओरडली.

“फोनचं काय सांगतेस मला?” काका गुरगुरले. “माझ्या लॅपटॉपमध्ये काही खोट नाही. कालच त्यात सुरक्षेचं नवं सॉफ्टवेअर टाकलंय!”

कालच? चष्मिसने तुरतुरीला कोपराने ढोसलं. तुरतुरीने राग कसाबसा गिळला आणि अगदी साळसूद चेहरा केला.

“काका, तुम्हीच एकदा करून दाखवा ना. आम्हाला कुठलं एवढं कळायला!”

काका खूश! ऐटीत खुर्ची ओढून त्यांनी लॅपटॉपवर टीव्हीचं नाव निवडलं. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उगवला. काकांनी डास झटकावा तसा तो झटकला. त्यांचं बोट थेट ‘नको’वर! लगेच टीव्हीवर आलं, ‘जोडता आलं नाही’.

“काय होतं त्या चौकोनात?” तुरतुरीने विचारलं.

“मला काय ठाऊक? कालपासून सारखी कटकट चाललीय. मी ‘नको’ म्हणून मोकळा होतो.”

“परत करा. आणि या वेळी वाचा. मोठ्याने!”

तिचा आवाज ऐकून खुर्च्या मांडणारेही जवळ आले. आता काकांची पंचाईत झाली. त्यांनी पुन्हा टीव्ही निवडला, चौकोन आला आणि काका अडखळत वाचू लागले, “फायरवॉलची सूचना. तुमचा लॅपटॉप... हॉलच्या टीव्हीशी जोडला जात आहे. परवानगी... द्यायची का?”

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या!

“फायरवॉल म्हणजे लॅपटॉपच्या दारावरचा वॉचमन,” चष्मिस म्हणाला. “तो बिचारा दर वेळी विचारतोय आणि तुम्हीच टीव्हीला हाकलताय!”

“मग तो वॉचमनच काढून टाकतो!”

“अहो, नको! चोरांनाही मोकळं रान मिळेल. फक्त टीव्हीला परवानगी द्या.”

काकांनी बटण दाबलं. टीव्हीवर झळकला मिशा लावलेला, डोळे वटारलेला दरोडेखोर बटाट्या! टाळ्यांचा कडकडाट झाला.

“शाबास रे पोरांनो!” काका हसत म्हणाले. “फारच हुशार!”

तुरतुरी हसली नाही. “शाबासकी राहू द्या. आधी बटाट्याची माफी मागा. ओरडलात सगळ्यांसमोर, मग माफीही सगळ्यांसमोर!”

काकांचं हसू मावळलं. ते पायरीपर्यंत गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “चुकलं माझं, बाळा. न बघता तुझ्यावर आळ घेतला. चल आत.”

संध्याकाळी पहिल्या रांगेत आईशेजारी बटाट्या ताठ बसला होता. सिनेमा ऐन रंगात आला आणि पडद्याच्या कोपऱ्यात टपकन नवा चौकोन उगवला. काकांचं बोट सवयीने पुढे सरकलं.

“काका!” बटाट्याच सगळ्यांत मोठ्याने ओरडला. “आधी वाचा!”