न तपासलेला आकडा

सायकल घसरली तेव्हा आकाशातून पाऊस आणि बर्फ यांच्या मधलंच काहीतरी पडत होतं. मी कारखान्याच्या फाटकासमोर चिखलात बसले होते आणि माझी फाइल उघडी होऊन कागद चहूकडे पसरले होते. एक उंच माणूस वाकून ते गोळा करायला लागला. आता हा विचारेल, लागलं का... असं मला वाटलं. पण तो एक कागद हातात धरून वाचतच राहिला.

"बाई, हा आकडा चुकलाय," तो म्हणाला.

माझ्या गुडघ्यातून रक्त येत होतं. मी म्हटलं, पावसात उभं राहून हे तुम्हाला कसं कळलं?

"सातशे वीसची दहापट सात हजार दोनशे. त्यातून विसावा हिस्सा काढला की सहा हजार आठशेच्या आसपास येतं. तुम्ही सहा हजार पाचशे अठ्ठ्याहत्तर लिहिलंय."

मी पाहिलं. आठ आणि पाच यांची अदलाबदल झाली होती.

"आणि माझ्या गुडघ्यांचा हिशेब?"

"तो बरोबर आहे." त्यानं खाली पाहिलं, गंभीरपणे. "दोन होते — दोनच आहेत."

तो सिक्स्टन. मी मेर्टा लिंडरोट, तेवीस वर्षांची. आमच्या गावातल्या त्या कारखान्यात सेपरेटर बनत — दुधातून साय वेगळी करणारे, जहाजाच्या तेलातून पाणी काढणारे. आत एक पोलादी ड्रम भिरभिरतो, सगळं काम त्याच्या वेगाचं. आराखडे काढणारे तो वेग रेडियनमध्ये लिहीत, सेकंदाला इतके रेडियन. एका पूर्ण फेऱ्यात सहाहून थोडे जास्त रेडियन बसतात. चाचणीच्या खड्ड्यावरची तबकडी मात्र मिनिटाला किती फेरे ते दाखवी. एकातून दुसरं करून द्यायचं काम आम्हा चार मुलींचं. आमच्या कागदावर डावीकडे रेडियन टाइप केलेले असत, उजवीकडे आम्ही हातानं फेरे लिहायचो. सिक्स्टन तो कागद घेऊन ड्रम खड्ड्यात फिरवून बघे.

त्या दिवसानंतर माझे कागद परत यायला लागले. चूक नसतानाही. कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं असे, 'दहापट उणे विसावा, पटलं.' एकदा लिहिलं होतं, 'पटलं. निळा स्वेटर शोभतो.' मी ते खोडरबरानं पुसलं, आणि दुसऱ्या दिवशी तोच स्वेटर घालून गेले.

त्याच्यासोबत आल्गोत काम करायचा. पन्नाशीचा, गोल पोटाचा, सतत काहीतरी गुणगुणणारा. मी खाली कागद द्यायला गेले की आल्गोतला नेमकं बाहेर काहीतरी काम निघे. जाताना तो सिक्स्टनला म्हणायचा, अरे, नुसते फेरे मोजत बसशील तर म्हातारा होशील.

आमच्याकडे तेव्हा रीत अशी की 'तुम्ही'चं 'तू' करायचं ते बाईनं सुचवायचं. पुरुषानं वाट बघायची. सिक्स्टननं पूर्ण हिवाळा वाट बघितली. एप्रिलच्या शेवटच्या संध्याकाळी, वसंताच्या शेकोट्या पेटतात तेव्हा, नदीकाठी सगळं गाव जमलं होतं. ज्वाळांची धग तोंडावर, पाठ मात्र गारठलेली. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला... वाऱ्याच्या बाजूनं.

"तुम्हाला थंडी वाजतेय," तो म्हणाला.

"तुला नाही वाजत?" मी म्हटलं.

 त्याचा श्वास थांबल्याचं मला ऐकू आलं. मग त्यानं माझा हात स्वतःच्या कोटाच्या खिशात घातला, आणि आम्ही शेकोटी विझेपर्यंत तसेच उभे होतो.

एक मेची सुट्टी होती. दोन तारखेला सकाळी माझ्या टेबलावर एका नव्या, मोठ्या ड्रमचा कागद आला. वेग, चारशे साठ. मी रेडियनचे फेरे दाखवणारा तक्ता उघडला, ओळ शोधली, आकडा लिहिला — सहा हजार एकशे बारा — आणि कागद खाली पाठवला. खिडकीबाहेर बर्चच्या झाडांना पालवी फुटत होती, मी कसला तरी विचार करून एकटीच हसत होते, एवढं आठवतं.

तीन तारखेला दहा वाजून काही मिनिटांनी इमारत हादरली. आवाज असा नव्हताच, पायाखालून एक धक्का आला आणि खिडक्यांच्या काचा फुटल्या. ड्रम फुटून त्याचे तुकडे खड्ड्यावरचं झाकण फोडून वर आले होते. आल्गोत झाकणाशेजारी उभा होता. तो जागीच गेला. सिक्स्टनचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

आल्गोतच्या अंत्यविधीला मी गेले. त्याच्या बायकोनं, टीरानं, माझा हात धरून सांगितलं की तुमच्या दोघांचं जुळावं म्हणून तो फार धडपडत होता. मी तिच्यासमोर रडले. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

कळलं ते आठ दिवसांनी. नवीन ड्रमचा मूळ आराखडा कोणीतरी मागितला, मी कपाटातून काढला आणि त्यावरचा आकडा वाचला. चारशे साठ म्हणजे मिनिटाला चार हजार चारशेच्या आत. मग सहा हजार एकशे बारा कुठून आले? मी तक्ता पुन्हा उघडला. ते सहाशे चाळीसचे होते. मी चार आणि सहाची अदलाबदल करून भलतीच ओळ वाचली होती. मी तो आराखडा परत ठेवला आणि कपाट बंद केलं.

तोपर्यंत स्टॉकहोमहून चौकशीला माणसं आली होती, आणि कारखान्यानं कारण शोधलंही होतं. ओतकामात दोष. ड्रमचा साचा एवर्ट रास्क नावाच्या जुन्या ओताऱ्यानं केला होता, तीस वर्षं तो तेच करत आला होता. कॉफीच्या सुट्टीत त्याच्या टेबलावर कोणी बसेनासं झालं. तो एकटा बसून पावाचे तुकडे करायचा, खायचा नाही. एकदा त्यानं मला विचारलं की लिंडरोटबाई, तुम्ही शिकलेल्या आहात, हवेचा बुडबुडा राहिला असेल तर बाहेरून दिसतो का हो? मी नाही म्हटलं. तो म्हणाला, मला तर काही दिसलं नव्हतं.

मी इस्पितळात गेले. सिक्स्टन भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी दार लावलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं, की आकडा माझा होता. चुकीचा होता.

"माहीत आहे," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशीच कळलं मला. पडल्या पडल्या मनात हिशेब केला."

मी खुर्ची ओढून बसले. तो सांगत राहिला, छताकडे बघत, हळू. कागद त्याच्या कोटाच्या खिशात होता. नर्सनं त्याला कपडे आणून दिले, तेव्हा त्यानं तो बारीक फाडून मोरीत सोडून दिला. आता कोणाकडे काही नाही. आराखड्यावर फेरे लिहिलेले नसतात. कोणाला कळणार नाही.

"तू नेहमी तपासायचास," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे मान वळवली.

"त्या दिवशी नाही तपासलं. कागदावर तुझं अक्षर होतं... मी अक्षरच बघत बसलो, मेर्टा. आल्गोत म्हणाला, काय रे, आकडा मोठा वाटतो. मी म्हटलं, तिनं लिहिलाय."

मी एवर्टचं नाव काढलं. तो म्हणाला, एवर्ट दोन वर्षांत घरीच बसणार होता, तुझं सगळं आयुष्य पडलंय. आणि मग, जणू त्याच वाक्याचा पुढचा भाग असावा तसं, लग्न करशील का असं विचारलं. माझं त्याच्यावर प्रेम होतं. इतकं की होकार ओठांवर आला होता. पण मला आमचं घर दिसलं, दोन खुर्च्या, मध्ये टेबल, आणि आयुष्यभर ज्याबद्दल बोलायचं नाही ते त्या टेबलावर मांडलेलं. मी म्हटलं, मी उद्या चौकशीत सांगणार आहे. त्यानं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

चौकशी कारखान्याच्या वरच्या हॉलमध्ये होती. मी मूळ आराखडा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि विचारलं की तो कागद नसताना हे सिद्ध कसं करणार? चांगल्या मनाची मुलगी कोणाला तरी वाचवायला बघतेय, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एवर्ट मागच्या बाकावर टोपी हातात धरून बसला होता. त्याच्याकडे बघण्याचं धैर्य मला होत नव्हतं.

तेव्हा दार उघडलं. दोन कुबड्यांवर, घामानं भिजलेला, इस्पितळाच्या सदऱ्यावर कोट चढवलेला सिक्स्टन. परिचारिका त्याच्या मागून धावत होती.

"कागद मी फाडला," तो म्हणाला. "आकडा तिचा, पण तपासणं माझं काम होतं. मी केलं नाही. ओतकामात काही दोष नव्हता."

एवर्ट उठला आणि बाहेर गेला. जिन्यावर त्याला रडताना मी ऐकलं.

आम्हा दोघांनाही कामावरून काढलं. गावात कोणी वाईट बोललं नाही, पण दुकानात शिरलं की बोलणी थांबायची. टीरानं मला दार उघडलं, माझं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली की आता परत येऊ नकोस. मी गेले नाही.

ऑगस्टमध्ये कळलं की सिक्स्टन उत्तरेला भावाकडे चाललाय, त्याच्या लाकूड गिरणीत बसून करण्याजोगं काम आहे. मी बसथांब्यावर गेले. तो एका पेटीवर बसला होता, नवा लाकडी पाय पुढे ताठ पसरून.

मी विचारलं, मी येऊ का?

"तू दिसलीस की मला आल्गोत दिसतो," तो म्हणाला. "प्रेम नाही असं नाही. तेही आहे... दोन्ही आहे. रोज जमेल का, सांगता येत नाही."

"नाही जमलं तर?"

"तर तसं सांगेन तुला. लपवणार नाही."

बस आली. मी त्याची पेटी उचलली. त्यानं माझ्या खांद्यावर भार दिला, आम्ही एकेक पायरी चढलो, आणि ड्रायव्हरनं किती तिकिटं विचारल्यावर तो म्हणाला, दोन.

आम्ही एकोणीस वर्षं एकत्र राहिलो, तो वारेपर्यंत. जमत नाही असं त्यानं कधी सांगितलं नाही. मेच्या सुरुवातीला काही दिवस तो बोलत नसे. मी त्याच्याशेजारी बसून बटाटे सोलत राही, आणि संध्याकाळ होता होता तो दुसरी सुरी घेऊन माझ्यासोबत सोलायला लागे.